शालनने मागितलेला मंडप

त्या शनिवारी सकाळी मी आणि माझी बायको शालन दारात बसून मारुतीची माळ ओवत होतो. मी रुईची पानं पुसून द्यायची, तिनं दोऱ्यात घालायची. लग्न झाल्यापासून तसंच. मधेच म्हणाली, "काय हो, माझ्या हातची माळ चालते तुमच्या देवाला, मग पोरी का नाय चालत?" मी म्हटलं, "परत तेच काढू नको." तेवढंच बोलणं... दुपारी आडवी झाली ती उठलीच नाही.

लालबागला आमच्या चाळीच्या अंगणात मारुतीचं देऊळ आहे. गिरणीच्या पाळ्या सांभाळून आमच्या वाडवडिलांनी बांधलेलं. किल्ली माझ्याकडे. पुढचा मंडप दिवसभर जवळजवळ रिकामाच, पंखा आहे, ट्यूब आहे. आणि चाळीतल्या पोरी जिन्यात बसून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांतून वह्या वाचवत अभ्यास करायच्या. त्यांना मंडपात बसू द्या, एवढंच शालन वर्षभर मागत होती. मी म्हणायचो, "त्यांचे चार दिवस कोण बघत बसणार?"

"नका ना बघू! तुम्हाला कोणी सांगितलंय बघायला?"

एकदा चिडून म्हणाली, "संपात ह्याच मंडपात आम्ही बायकांनी चुली पेटवल्या. अख्खी चाळ जेवली. तेव्हा विचारलंत काय कोणाला, बाई, तुझी तारीख कधी?" त्या पंगतीत मी पण होतो. दोनदा भात मागून घेतलेला. तरी ती असं बोलली त्या दिवशी पण कुलूप लावूनच वर आलो. मी चौथी शिकलेला. देवधर्म आपल्याला कळतो असं वाटायचं. कळत काय होतं... किल्ली कमरेला होती, एवढंच. लिहितानाही लाज वाटते.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची पिंकी चहा घेऊन आली. बारावीला आहे, जिन्यात बसणाऱ्यांतलीच. मला सुतक, देवळाची पायरी चढायची नाही. मी किल्ली तिच्यासमोर लादीवर ठेवली. "जा, उघड. सगळ्याजणी बसा तिथं."

ती मागे सरकली. हळूच म्हणाली, "आजोबा, माझी अडचण आहे."

"मला पण सुतक आहे. म्हणून मी वाईट झालो काय? उचल."

तिनं उचलली. मागोमाग मी खाली उतरलो. पोरी आत बसल्या, मी बाहेर, चपला काढतात तिथं उभा राहिलो. इतक्यात तळमजल्यावरचे भाऊ दर्शनाला आले. आत बघून थबकले, माझ्याकडे बघितलं, आणि घंटेला हात घातला.

मी म्हटलं, "भाऊ, वाजवू नको. पोरी अभ्यास करतायत."