रस्त्यावर ठेवलेले जवारे

देवाधर्माच्या बाबतीत मी जरा सावधच माणूस. बालाघाटच्या कचेरीत लोकांचे दाखले तपासण्यात माझी नोकरी चालली आहे. समोरचा हात जोडू लागला की याला काय हवं असेल, हेच आधी मनात येतं. देवीपुढे हात जोडायचे तेही बायको सोबत असली तरच.

नवरात्राच्या नवमीला हट्टा गावाहून स्कूटरने परतत होतो. मागून एका पिकअपने उडवलं. शुद्धीवर आलो तेव्हा डांबरावर उताणा पडलो होतो आणि मानेखाली शरीर आहे की नाही तेच कळत नव्हतं. एक अनोळखी बाई डोक्याशी गुडघे टेकून बसली होती. दोन्ही तळव्यांत तिने माझं डोकं गच्च धरलं होतं. माझ्या गळ्यात सोन्याची साखळी होती. हिचा डोळा साखळीवरच, असं वाटून मी डोकं सोडवू पाहिलं. तिने सोडलं नाही.

गर्दी जमली. "बिठाओ इनको, पानी पिलाओ," म्हणत कोणीतरी माझ्या काखेत हात घातला.

बाई कडाडली, "हात नका लावू! मान हालू द्याची नाही!"

"काहून वो?" गर्दीतल्या एकीने विचारलं.

"जवारे नेतो तवा मान हालू देतो का आपण? तसंच हाये हे."

तेवढ्यात दुसरी बाई ओरडली, "अवो, इनं जवारे खाली ठेवले!"

नऊ दिवस टोपलीत वाढवलेले गव्हाचे हे कोंब डोक्यावरून तळ्याकडे नेतात. पाणी येईपर्यंत ते कुठेही टेकवायचे नसतात, नाहीतर देवी कोपते म्हणतात. तिने ते माझ्यासाठी रस्त्यावर ठेवले होते. मला मात्र वाटलं, पिकअप हिच्याच माणसाचा असणार, एरवी एवढं कोण करतं? अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत ती तशीच बसून राहिली.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मानेचा मणका मोडलाय, मज्जारज्जूला मार लागलाय. पायांचं काही सांगता येत नाही, पण रस्त्यावर मान हलली नाही म्हणून हातांची आशा आहे. समजूत घालत असतील, असं मी धरून चाललो. पाय परत आले नाहीत. बोटं हळूहळू वळू लागली. आपल्या हाताने चहाचा कप तोंडाला लावला त्या दिवशी मी खूप रडलो, आणि ती बाई आठवली.

पुढच्या नवरात्रात ती स्वतःच दारात उभी राहिली. "आता काहीतरी मागेल," मी बायकोच्या कानात म्हटलं. त्या बाईने मागितलंच.

"भाऊ, गावातल्या बाया मले जवारे उचलू देऊन नाही राह्यल्या. म्हणतेत, इनं देवीले रस्त्यावर ठेवलं. तुमच्यापायी ठेवले होते, आता तुमच्याच हातानं माह्या डोक्यावर द्या."

मला साक्षीला उभं करायचा बेत दिसला. "आणि माझ्या हातून टोपली पडली तर?"

"मंग देवी पाह्यल. तुमाले धरलं तवा मले तरी कुठं मालूम होतं, तुमी वाचान का नाही?"

मी बायकोला गाडी ठरवायला सांगितलं. नवमीला आम्ही गेलो. तळ्याकाठी बाया उभ्या होत्या. बायकोने त्या बाईच्या घरून आणलेली टोपली माझ्या हातांत दिली. बोटं पुरती वळत नव्हती, ओले कोंब हलत होते. ती बाई माझ्या व्हीलचेअरपुढे गुडघ्यांवर बसली, मान ताठ. मी टोपली तिच्या डोक्यावर ठेवली. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी बाई पुढे झाली. तिने टोपलीखालची चुंबळ नीट केली आणि देवीचं गाणं धरलं. सगळ्या बाया मागोमाग पाण्याकडे उतरल्या.

हे देवीने केलं की त्या बाईने, याचा तपास मी सोडून दिलाय. शंका अजूनही येतात, सवयच ती. पण अपघाताच्या दिवशी माझं डोकं माझ्या ताब्यात नव्हतं, म्हणूनच मी वाचलो, एवढं मला पटलंय. तिचे उपकार कसे फेडायचे ते कळत नाही.

जवारे पाण्यात गेले. माझे हात मोकळे होते. मी ते जोडले. बायकोने पाहिलं.