स्टारनंतर टॅब

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मी — ज्याला चहाच्या टपरीवरसुद्धा गर्दी जमवता येते! एवढ्यावरूनच तुम्हाला शंका यायला हवी.

जालन्यातल्या एका बियाणं कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळतो. आमच्या सर्व्हरवर माउस चालत नाही. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा. स्टार म्हणजे चांदणीची खूण, तिच्या जागी काहीही चालतं. स्टार-कापूस-स्टार लिहिलं की ज्यांच्या नावात कुठंही कापूस आहे त्या सगळ्या फाइली आल्या. आणि एंटरआधी टॅब दाबला की स्टार जातात, त्यांच्या जागी एकेक नाव ओळीत येऊन उभं राहतं. 'स्टारनंतर टॅब. हजेरी घ्या. मगच एंटर!' नव्या माणसांना मी हे हात उंचावून शिकवायचो. फार आवडायचं हो मला ते.

त्या दुपारी गेल्या वर्षीचे कापसाचे फोटो पुसायचे होते. हुकमात वर्ष घालायचं राहिलं — की कंटाळा केला? टॅब दाबला, चार ओळी भरून नावं आली. पण मागं तिघं-चौघं उभे, मी शेठजींची नक्कल करतोय, हशा ऐन रंगात... त्या हशावरच एंटर दाबला.

मग वाचलं. वाटूर, वाटूर, वाटूर.

ते फोटो यंदाचे, आमच्या शेतावरचं काम बघणाऱ्या सविताताईंचे. दर आठवड्याला वाटूर गावातल्या चाचणीच्या प्लॉटवर जाऊन त्यांनी पूर्ण हंगामातलं झाड न् झाड टिपलं होतं. फोनमधले पुसलेले — 'जागा करा' असं मीच सांगितलं होतं. दुसरी प्रत ठेवायचं कामही माझंच. ठेवली नव्हती.

नुसता स्टार असता, तर काय काय गेलं ते कळलं नाही, असं म्हणता आलं असतं. पण टॅबनं नावं लिहून दिली होती. जुन्या हुकमांच्या यादीतही ती तशीच, पुरी. मी ती ओळ यादीतून काढली. पडदा साफ केला. मागच्यांपैकी कुणी वाचलं असेल का? चहा पिताना अजून एकेकाचा चेहरा तपासतो.

शेठजींनी विचारलं तेव्हा मी काय केलं? फक्त भुवई उचलली. "सविताताई पेनड्राइव्ह कुठं कुठं लावतात, कुणास ठाऊक." झालं! ऑफिसभर नजरा तिरक्या झाल्या. त्यांचं शेतावर जाणं बंद झालं, पाकिटांच्या नोंदी हाती आल्या.

एकदा त्या माझ्या टेबलाशी आल्या. "सर, म्या तर बराबर टाकले होते. मंग माझ्याच हातून काही झालं असंल का?"

मी म्हणालो, "बघू."

आता त्या कुठलीही फाइल पुसायची झाली की स्टारनंतर टॅब दाबतात. पडद्यावर बोट ठेवून एकेक नाव हळू आवाजात वाचतात. दोनदा. आणि मला हाक मारतात — "सर, तुम्हीच दाबा. माझा माझ्यावर भरोसा न्हाई."

मी उठतो, जातो, आणि एंटर दाबतो.