आत्याने टाकून दिलेल्या राण्या

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी पोकरची स्पर्धा ठेवली होती. मी आणि ऑफिसातले सात मित्र, असे आठ जण बसणार होतो. एकाला आदल्या दिवशी ताप भरला आणि त्याच्या खुर्चीवर माझी आत्या बसली.

आत्या वैरागच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेली. भाऊबीजेला आली होती. तिला मेंढीकोट यायचा, पोकरचं नावही ऐकलेलं नव्हतं. "शिकव की मग. दिवसभर तुमची तोंडं बघत बसू का मी?" म्हणाली.

मी पोहे खाता खाता तिला खेळ सांगितला. दोन पानं हातात, झाकलेली. पाच पानं मध्ये हळूहळू उघडतात, ती सगळ्यांची. कोणी चिंचोके वाढवले की बाकीच्यांनी तेवढेच टाकायचे, नाहीतर पानं सोडून द्यायची. सगळी मिळून ज्याचा डाव भारी, तो मध्ये जमलेले चिंचोके उचलतो. आम्ही पैशांनी खेळत नाही. प्रत्येकाला शंभर चिंचोके, संपले की खुर्ची सोडायची. आणि दर वीस मिनिटांनी डावात सक्तीने टाकायचे चिंचोके वाढत जातात, म्हणजे नुसतं गप्प बसणाराही हळूहळू रिकामा होतो.

मी वर्षभर या खेळाचे व्हिडिओ बघितले होते. कुठल्या खुर्चीवरून कुठली पानं खेळायची, याचे तक्ते मला पाठ होते. जिंकणाऱ्यासाठी आणलेला कप माझाच, याबद्दल मला शंका नव्हती.

पहिले दोन तास आत्या जवळजवळ खेळलीच नाही. पानं उचलायची, बघायची, टाकायची. मग चष्मा पुसून आमच्याकडे बघत बसायची. एक मित्र म्हणाला, "आत्या, खेळा की हो! चिंचोके उबवताय का?"

"बघू दे की जरा," ती म्हणाली.

दुपारपर्यंत तिघे उठून गेले होते. तेव्हा मला दोन राजे आले. मी बेतानं वाढवलं. बाकीच्यांनी पानं टाकली, आत्या मात्र आत आली. मध्ये दुर्री, पंजी, नव्वी उघडली. मला याहून चांगलं काय हवं होतं? मी माझे सगळे चिंचोके पुढे सरकवले.

आत्या माझ्याकडे बघत राहिली. घाई नाही, काही नाही. मग तिनं स्वतःची पानं उघडी करून टेबलावर ठेवली. दोन राण्या.

"घे. मी सोडली," ती म्हणाली.

दोन राण्या आणि मध्ये सगळी बारकी पानं, असा हात त्या खोलीत कोणीही सोडला नसता. मी तर नक्कीच नाही. माझे तक्ते तर सांगत होते, घाल सगळे.

"आत्या, का सोडलीस?"

"सकाळपासून तुझा पाय हलतोय. आत्ताच थांबला." तिनं चष्मा नाकावर नीट केला. "परीक्षेला ज्याच्याकडे चिठ्ठी असती ना, तो इकडंतिकडं बघत नाही. लई शहाण्यासारखा बसतो."

मी पायाकडे बघितलं. तो खरंच स्थिर होता.

त्यानंतर ती वेगळीच बाई झाली. सक्तीचे चिंचोके वाढले, चौघे उरले, जो तो बाहेर पडायला घाबरायला लागला. आणि नेमकी तेव्हाच ती सगळं पुढे सरकवायला लागली. एकामागून एक डाव कोणी न भिडता तिच्याकडे गेले. उरलेले दोघेही उठले आणि आम्ही दोघंच राहिलो.

माझ्याकडे नव्व्यांची जोडी होती. मध्ये एक्का, राजा, गुलाम उघडले. आत्यानं शांतपणे सगळे चिंचोके पुढे केले. ज्या बाईनं राण्या सोडल्या, ती उगाच कशाला घालेल? मी पानं टाकली. तिनं आपली दाखवली. सत्ती आणि दुर्री. पोकरमध्ये याहून वाईट दोन पानं नसतात.

मला राग यायला हवा होता, पण मी तोंड उघडं ठेवून बघत राहिलो, लहानपणी तिला फळ्यावर न अडखळता मोठा भागाकार करताना बघायचो तसा. पुढच्याच डावात मी एक्का-दश्शीवर सगळं लावलं, तिच्या अठ्ठ्यांच्या जोडीपुढे हरलो आणि खुर्ची सोडली.

"तुला भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"तूच घाबरला होतास. हरायला नाही रे, आत्याकडून हरायला." ती हसली. कप तिनं टीव्हीवर ठेवायला लावला आणि साडेचारची एसटी गाठायला निघाली.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा खेळलो. मी तक्ते आठवायचं सोडून माणसं बघत होतो. समोरचा मित्र चिंचोके लावल्यावर आवंढा गिळायचा विसरला, असं मला वाटलं, आणि मी गुलामांची जोडी टाकली. शेवटी चौथा आलो. तरी आत्याला फोन करून सांगितलं.

"त्याची पानं बघितलीस का?"

"नाही. त्यानं दाखवली नाहीत."

"चुटपुट लागली?"

"नाही गं."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि आमटी उतू चालली म्हणून फोन ठेवला.