बरणीवरचा काळा तडा

सासूबाईंनी दिलेली निळ्या फुलांची लोणच्याची बरणी धुताना माझ्या हातून नळावर आपटली. बघतो तर फुलाशेजारी तडा! बायको इब्रामपूरला माहेरी गेली होती, संध्याकाळी परतणार होती. बरणी टॉवेलात गुंडाळून मी डिचोलीचा बाजार गाठला. तिथे जुन्या बरण्या घेणारा-विकणारा एक म्हातारा बसतो; तशीच दुसरी त्याच्याकडे मिळते का, ते बघायचं होतं.

त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. पान एका गालात सारून त्याने बरणी मांडीवर घेतली, वाकवलेल्या बोटाने वाजवली आणि डोळे मिटून ऐकली. मग तड्यावरून हळूच नख फिरवलं.

“पात्रांव, हो तडो जुनो. तेल मुरून काळो जालो. नवो पांढरो दिसता. तुमी काय करूंक नाय.”

“नक्की?”

“आवाज बरो आसा. फुलां सगळे बघतत, आवाज कोण आयकना.”

लग्न झाल्यापासून प्रथमच मला कुणीतरी निर्दोष ठरवलं होतं. त्या आनंदात मी त्याच्याकडून नको असलेली दोन झाकणंही घेतली.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं.

“तो तडा माझ्या हातचा,” ती शांतपणे म्हणाली. “पण आईला मी तेव्हाच तुमचं नाव सांगून ठेवलंय.”