ओसरीवरचा दिवा

विनी पेल्की ही व्हर्माँटमधल्या त्या डोंगराळ गावाची चेटकीण होती. शिवी म्हणून नव्हे, मानानं. दर हॅलोवीनला, म्हणजे ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला, पोरं सोंगं घेऊन दारोदार खाऊच्या गोळ्या मागत फिरायची, तेव्हा विनी काळा झगा घालून ओसरीत बसायची आणि मंत्रांचं एक जाडजूड पुस्तक उभं धरायची. आलेल्या प्रत्येक पोराचं नाव घेऊन ती मंत्र वाचायची, आणि वाचता वाचता हळूच दोरा ओढला की मुखपृष्ठावर बसवलेला खोटा डोळा मिटायचा. पोरं किंचाळत पायऱ्या उतरायची आणि पुन्हा येऊन रांगेत उभी राहायची. पुढं ती पोरं मोठी झाली, बाप्ये झाली, तरी भर रस्त्यात विचारायची, "काय विनी, डोळा बरा आहे ना?"

मग नवरा गेला. मुलगा कर्ट तिला आयोवात घेऊन आला, डे मॉइनमध्ये, आपल्या घरापासून जवळच. जुनं घर आवरताना त्यानं ते पुस्तक कचऱ्यात टाकलं. बुरशी धरलेलं, डोळा लोंबणारं ते बाड, त्याला काय कळणार? "जाऊ दे, जुनंच होतं," विनी म्हणाली. असं म्हणणाऱ्या माणसानं आत काय गिळलं, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. कर्टलाही सुचलं नाही.

नव्या गावात विनीला एकटं वाटायचं, फार वाटायचं. कर्ट रविवारी यायचा, दूध आणि औषधं ठेवायचा, गाडी बाहेर चालूच असायची. आठवड्यातले बाकीचे दिवस ती टीव्हीतल्या बातम्या देणाऱ्या माणसाला उलट उत्तरं द्यायची. मग पानं गळायला लागली आणि तिच्या मनानं घेतलं की नवं पुस्तक करायचं. एकदा पोरं ओसरीवर आली की झालं. पोरांनी ओळखलं की आळी ओळखते, आणि आळीनं ओळखलं की माणूस त्या गावचा होतो. नाहीतर हा हिवाळा असाच भिंतींशी बोलत काढायचा, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

वाचनालयानं काढून टाकलेल्या पुस्तकांत तिला कोंबड्यांच्या रोगांवरचा एक ठोकळा मिळाला. तळघरात टेबल मांडून ती कामाला लागली. पानांना कडक कॉफीचा हात दिला आणि मंद ओव्हनमध्ये वाळवली. घरभर जळका वास सुटला. पुठ्ठ्यावर गोंद लावून पातळ कागद चुरगळून बसवला, तपकिरी रंग दिला, वर काळा फासला आणि ओला असतानाच फडक्यानं पुसला. मग ते थेट म्हाताऱ्या माणसाच्या हाताच्या कातडीसारखं दिसायला लागलं. विनीनं आपला हात शेजारी ठेवून पाहिला आणि हसली.

मंत्रही नवे लिहिले. 'हे अमुक, तुझ्या ताटातली भाजी कुत्र्याच्या पोटात जावो.' अमुकच्या जागी पोरांची नावं हवीत, पण इथं तिला दोनच ठाऊक होती, ग्रिफिन आणि टेसा, कर्टची मुलं. ती तिनं सोनेरी शाईनं लिहिली. बाकी जागा कोऱ्या सोडल्या.

शेजारच्या मार्लिसनं एकदा कुंपणावरून विचारलं, "काय गं, तळघरात इतका दिवा जळतोय, नोटा छापतेस का?"

"वेळ आली की कळेल."

"आता तरी सांग. मी काय गावभर करणार आहे?"

"तू करशीलच. म्हणून तर सांगत नाही."

मार्लिस हसली आणि पानं झाडायला लागली. विनीला वाटलं, किती दिवसांनी कुणाला तरी टोमणा मारला आपण. बरं वाटलं तिला. थोडं बोलली असती तर फार बरं झालं असतं, पण गुपित ठेवण्याची हौस दांडगी.

हॅलोवीनच्या आदल्या संध्याकाळी नव्या पुस्तकाचा डोळा अडकला. पापणी खाली यायची आणि वर जायचं नाव घेईना. विनीनं वरचे सगळे दिवे मालवले, ओसरीवरचाही, आणि तळघरात जाऊन बसली. आदल्या दिवशी चेटकिणीचं घर काळंकुट्ट असायला हवं, हा तिचा व्हर्माँटपासूनचा नियम. बाहेरून मधूनच हसण्याचे, धावण्याचे आवाज येत होते. कुणाचा तरी वाढदिवस असावा, असं म्हणून तिनं दोऱ्याला मेण लावलं. जेवायची वेळ टळून गेली तेव्हा डोळा मिटला आणि उघडला.

दुसऱ्या दिवशी अंधार पडताच ती झगा घालून ओसरीत बसली. भोपळ्यात मेणबत्ती, मांडीवर गोळ्यांचं घमेलं, हातात पुस्तक. रस्त्यानं एक माणूस कुत्रा घेऊन गेला. त्यानं तिच्याकडे जरा नवलानं पाहिलं आणि हात केला. मग कुणीच नाही. गारठा वाढला, गुडघे धरले. शेवटी तिनं कर्टला फोन लावला.

"अरे, या आळीतली पोरं हॅलोवीनला फिरत नाहीत की काय?"

"आई, इथं ते कालच झालं! डे मॉइनमध्ये पोरं तीस तारखेलाच फिरतात, विनोद सांगून गोळ्या मागतात. सगळ्यांना माहीत आहे."

"मला नव्हतं माहीत."

"मला वाटलं, मार्लिसनं सांगितलं असेल. आम्ही आलो होतो गं तुझ्याकडे. पोरं पायरीपर्यंत आली होती. पण तुझा दिवा बंद."

"मग बेल नाही वाजवायची?"

"दिवा बंद असला की त्या दारात जायचं नाही. तूच शिकवलंयस मला. म्हटलं, तुला कुणी यायला नको असेल."

विनीला रडू आलं, पण तिनं ते आवाजात येऊ दिलं नाही. "बरोबर आहे रे. बंदच होता."

मग टेसानं बापाच्या हातून फोन घेतला. "आजी, काल तू घरात नव्हतीस?"

"होते गं," विनी म्हणाली. "घरातच होते."