रिबिन्स्कला उतरलेल्या लंकाबाई

मॉस्कोच्या धक्क्यावरून आमची बोट सुटली तेव्हा तीत आम्ही नाशिकचे एकोणीस जण होतो. बाकीचे प्रवासी रशियनच. दहा दिवसांत उग्लिच, यारोस्लावल, गोरित्सी, किझी अशी जुनी गावं बघत नदीमार्गानं सेंट पीटर्सबर्ग गाठायचं, असा बेत होता. आमच्यात सगळ्यात कमी बोलणाऱ्या होत्या लंकाबाई गांगुर्डे. वय सहासष्ट, साडीवर राखाडी स्वेटर आणि पायात लेकीनं आणून दिलेले नवे कोरे बूट. लेक उज्वला महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे आणि गंगापूर रोडला राहते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आईला घेऊन आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेकवर एक रशियन पोरगी पळत होती. लंकाबाईंनी तिला दोन-तीन शब्दांत काहीतरी दटावलं, तशी ती जागच्या जागी थांबली. मी शेजारीच होतो.

"तुम्हाला रशियन येतं?" मी विचारलं.

लंकाबाई काही बोलायच्या आत उज्वला म्हणाली, "आई लहानपणी ओझरला होती ना. तिथे विमानाच्या कारखान्यात रशियन इंजिनिअर होते. शेजारीच राहायचे."

लंकाबाईंनी लेकीकडे पाहिलं आणि पुन्हा पाण्याकडे नजर वळवली.

त्या दिवशी आम्ही उग्लिच पाहिलं. नदीकाठी तांबड्या भिंतींचं, निळ्या घुमटांचं छोटं चर्च आहे. आठ वर्षांचा एक राजपुत्र तिथे मेला होता. बाकीचे फोटो काढत होते, लंकाबाई मात्र भिंतीवरचं त्या मुलाचं चित्र बराच वेळ बघत उभ्या होत्या. "आईचं काय झालं असंल त्याच्या," एवढंच त्या बोलल्या.

दुपारी बोट पुढे निघाली. जेवणं उरकली आणि तासाभरात दिंडोरीचे द्राक्षबागायतदार गोटीराम बोराडे खुर्चीतल्या खुर्चीत वाकले. सत्तरीचा धिप्पाड माणूस, पण चेहरा पांढराफटक पडला आणि कपाळावर घाम आला. त्यांच्या पत्नी चिमणाबाई म्हणाल्या, "पित्ताचा त्रास हाय त्यांना. इथलं खाणं सोसत नाय." कोणी इनो शोधायला लागलं, कोणी वारा घालायला.

बोटीवर डॉक्टर होती. पन्नाशीची, आखूड केसांची बाई, आणि तिला रशियनखेरीज एक अक्षर येत नव्हतं. आमचा दुभाषा यारोस्लावलला चढणार होता. टूर मॅनेजर लखन मोबाइलवर भाषांतर करू बघत होता, पण पाण्यावर नेटच नव्हतं. डॉक्टर प्रश्न विचारत होती, गोटीराम मराठीतून कण्हत होते आणि आम्ही इंग्रजीतून ओरडत होतो.

तेवढ्यात लंकाबाई खुर्च्या बाजूला सारत आल्या आणि गोटीरामांसमोर खाली बसल्या.

"दादा, कुठं दुखतं ते बोटानं दाखवा. पोटात का छातीत?"

गोटीरामांनी छातीच्या मधोमध मूठ धरली. मग डावा दंड आणि जबडा दाखवला. लंकाबाई डॉक्टरकडे वळून बोलू लागल्या. छाती, हात, दात, दुखतंय, घाम, एक तास. वाक्य नाही, व्याकरण नाही, नुसते शब्द. पण डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिनं भराभर विचारायला सुरुवात केली आणि लंकाबाई मराठीत सांगू लागल्या: तोंड उघडा. श्वास घ्या, हळू. ही गोळी चावा, गिळू नका. याआधी असं झालं होतं का?

डॉक्टरनं ईसीजीचं मशीन लावून पट्टी काढली आणि कप्तानाला फोन केला. हृदयाचा झटका होता. रिबिन्स्क हे गाव आमच्या कार्यक्रमात नव्हतं. बोट तिथल्या धक्क्याला लागेल आणि अॅम्ब्युलन्स तयार असेल, असं ठरलं.

"एवढं कुठं शिकलात हो?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

लंकाबाई गोटीरामांचा हात धरूनच बसल्या होत्या. "रशियनांच्या घरी धुणंभांडं करायची मी. सोळा वर्षांची होते. त्यांची बारकी पोरगी, ओल्या, सारखी आजारी पडायची. तिला सांभाळायला मीच. आजारपणातलं तेवढं सगळं येतं मला. दुसरं काय येत नाय."

उज्वला मागे उभी होती. ती तिथून निघून गेली.

रिबिन्स्क यायच्या आधी दोघी डेकच्या कोपऱ्यात बोलत होत्या. मुद्दाम ऐकलं नाही, पण वाऱ्यानं शब्द येत होते.

"तू त्यांच्याबरोबर उतरणार? का पण? लखन जाईल ना."

"लखन काय बोलणार तिथं? आणि बाकीच्या लोकांना कोण बघंल? दुभाषा उद्या येणार म्हणतात, तोवर चिमणाबाईनं काय मुक्यानं बसायचं?"

"आई, आयुष्यभर लोकांचं करत आलीस. मी तुला इथे आणलं ते त्यासाठी का? पहिल्या दिवशी जेवताना त्याच बाईनं आपलं आडनाव दोनदा विचारलं आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. विसरलीस?"

"नाय विसरले."

"मग?"

"तवा मला सांगायचे आणि मी करायची. आज मला कोणीच सांगितलं नाय, उज्वला. माझं मी ठरवलं." मग त्या म्हणाल्या, "तू जा पुढं. तुला ते राजवाडे बघायचे होते. माझ्यापायी राहू नको."

लंकाबाई एक पिशवी घेऊन चिमणाबाईंच्या मागोमाग अॅम्ब्युलन्समध्ये चढल्या. उज्वला बोटीवरच राहिली. रागानं राहिली, असं ती नंतर मला म्हणाली.

यारोस्लावलला दुभाषा आला, पण त्याला बोटीबरोबरच राहायचं होतं. लंकाबाई मागे राहिल्या त्या राहिल्याच. गोटीरामांच्या रक्तवाहिनीत स्टेंट घातला आणि आठवडाभर दवाखान्यातच ठेवलं.

किझीच्या बेटावर लाकडी चर्च बघताना उज्वला माझ्या शेजारी चालत होती. बावीस घुमटांचं ते चर्च बघायला ती किती वर्षं थांबली होती म्हणे, पण आता तिचं लक्ष नव्हतं. नेट आलेलं बघून तिनं आईला फोन लावला.

"आई, कशी आहेस?"

"बरी हाय. गडबडीत हाय गं, डॉक्टर राउंडला आलेत."

तेवढ्यात पलीकडून एका बाईचा आवाज आला. "लंका मल्हारीयेव्ना!" आणि पुढे काहीतरी रशियन. फोन स्पीकरवर होता, मीही ऐकलं.

"कोण हाक मारतंय तुला?"

"तमारा. नर्स हाय इथली. इकडं थोरामोठ्याला नुसत्या नावानं हाक मारत नाय म्हणं, बापाचं नाव जोडावं लागतं. तिनं विचारलं, बापाचं नाव काय? मी सांगितलं, मल्हारी. तवापासून सगळे असंच म्हणतात. मोठे डॉक्टरसुद्धा." मग हलक्या आवाजात, "ओझरला मला नुसतं लंका म्हणायचे. ओल्यासुद्धा."

फोन ठेवल्यावर उज्वला पाण्याकाठच्या दगडावर बसली. ती म्हणाली, "आजोबा रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. त्यांना गावात मल्हारीसुद्धा कोणी म्हटलं नाही. मल्ह्या म्हणायचे." मग तिनं चष्मा पुसला. "आणि मी लोकांना सांगत फिरले की रशियन आमच्या शेजारी राहायचे."

 

आमची आणि त्यांची गाठ परतीला मॉस्कोच्या विमानतळावर पडली. गोटीराम चाकाच्या खुर्चीत होते, उतरलेले पण हसरे. चिमणाबाई लंकाबाईंचा हात सोडत नव्हत्या. त्या मला म्हणाल्या, "एका खोलीत सात दिस काढले आम्ही. एका ताटात जेवलो. ताई नसत्या तर मी लय मोठ्या संकटात होते."   चहा आला तेव्हा पहिला कप त्यांनी लंकाबाईंपुढे ठेवला.

उज्वला आईजवळ जाऊन बसली. "काहीच बघितलं नाहीस ना गं तू?"

"बघितलं की. दवाखान्यामागं नदी होती. लाकडं लादलेल्या बोटी जायच्या. रविवारी तमारानं घरी नेलं. काकडीचं लोणचं आणि बटाटे केले होते. तिच्या नवऱ्याच्या शेजारी बसून जेवले मी, टेबलावर." लंकाबाई हसल्या. "तो म्हणाला, तुमचं बोलणं चार वर्षांच्या पोरासारखं हाय."

"आणि ओल्या? तिची चौकशी केलीस?"

"नाय. ते लोक गॉर्कीचे. त्या गावाचं नावसुद्धा आता बदललं. ओल्या आता पन्नाशीची झाली असंल. तिला कुठली मी आठवणार?"

जानेवारीत तमारा नाशिकला आली. उज्वलाच्या घरी दहा दिवस राहिली. लंकाबाईंनी तिला त्रिरश्मी लेणी दाखवली, पायऱ्या चढताना दोघी चार वेळा बसल्या. सव्वीस जानेवारीला उज्वलानं दोघींना शाळेत बोलावलं. मीही गेलो होतो. झेंडावंदन झाल्यावर ती माइकवर आली आणि आधी पाहुणीची नव्हे, आईची ओळख करून दिली.

"ही माझी आई, लंकाबाई मल्हारी गांगुर्डे. ओझरला रशियन लोकांच्या घरी भांडी घासताना तिनं त्यांची भाषा ऐकून ऐकून उचलली. त्या भाषेनं तिनं एका माणसाचा जीव वाचवला."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. "आजी, रशियनमध्ये भांडी घासायला काय म्हणतात?"

लंकाबाईंनी माइक हातात घेतला आणि सांगितलं. मग दीडशे पोरांकडून तीनदा म्हणून घेतलं, आणि तमारा पोट धरून हसत राहिली.