समिटच्या जोडीला सिट्रा

मीनल देवस्थळी चिडली की तिचा आवाज चढत नसे, उलट खाली येई. सिंगापूरमधल्या तुआसच्या ज्या कारखान्यात ती कामाला होती तिथे सगळ्यांना हे ठाऊक होतं. कारखाना खाण्यापिण्याच्या वस्तूंना लागणारे स्वाद बनवायचा: सरबतासाठी लिंबू, बिस्किटांसाठी लोणी, चिप्ससाठी भाजलेला कांदा. प्रत्येक माल बाहेर पडण्याआधी मीनल त्याचा वास घेई आणि पास की नापास ते सांगे. चिपळूणहून मुंबईला केमिस्ट्री शिकायला गेलेली ही मुलगी लग्नानंतर सिंगापूरला आली आणि तिथेच रुजली. नवरा प्रबोध जहाजावर इंजिनिअर, सहा-सहा महिने समुद्रावर. क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये बहुतेक वेळ ती एकटीच असायची.

२०१४ साली त्या कारखान्यात एक प्रकार घडला. लिंबाच्या एका मालात तिला शिळ्या तेलाची झाक जाणवली. तिने तो नापास केला. मॅनेजरने अहवालात 'नापास' काढून 'किंचित फरक, चालेल' असं घातलं आणि खाली नाव तिचंच राहू दिलं. गिऱ्हाइकाने सगळा माल परत पाठवला तेव्हा मीटिंगमध्ये माना तिच्याकडे वळल्या. "मी नापास केला होता," ती म्हणाली. मॅनेजर हसून म्हणाला, "मीनल, आता कोणी काय केलं ते उगाळत नको बसू या." बाकीचेही हसले. ती मात्र आतून जळत राहिली.

या सगळ्यात तिला एकच जागा स्वतःची वाटायची, ती म्हणजे धवलच्या घरची बिअर. धवल पुण्याचा, तिच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, तांजोंग पगारला बँकेत मोठ्या हुद्द्यावर. महाराष्ट्र मंडळाच्या एका कार्यक्रमात ओळख झाली. विकायची नसेल तर इथे घरी बिअर करता येते, आणि धवलला तो नाद होता. बुकित तिमाहच्या त्याच्या कॉन्डोत हेल्परसाठी, म्हणजे घरी राहणाऱ्या कामवालीसाठी, बांधलेली चिमुकली खोली रिकामी होती. तिथे त्याने एक जुना फ्रिज आणि आंबवायचं पिंप ठेवलं होतं. सामान त्याचं, नाक मीनलचं. कुठले हॉप्स आणायचे आणि कशाबरोबर कशाची जोडी लावायची, हे ती ठरवायची.

हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. वाळवून, दाबून त्यांच्या हिरव्या गोळ्या करतात. बिअर होते ती माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीची; पण तिचा कडवटपणा हॉप्सचा, आणि वासही बराचसा त्यांचाच. त्यात समिट नावाची एक जात आहे. पाकीट उघडलं की आधी संत्र्याची साल येते आणि तिच्या मागोमाग कांदा-लसूण. बरेच लोक ती फक्त कडवटपणापुरती वापरतात, वासासाठी घालायला धजावत नाहीत. मीनलला तोच वास हवा होता.

"लोक पळून जातील, ताई," धवल म्हणाला होता.

"जोडी चुकली तर जातील. उग्र वासाला तोडीस तोड लागतं. चिनूक घेऊ. पाइनच्या चिकासारखा वास आहे त्याचा, समिटसमोर उभा राहील. आणि माल्ट जरा भाजलेला, जाडसर."

"आणि सिट्रा? आंब्यासारखा मस्त वास येतो. थोडा गोडवा येईल."

"नको. लसणाच्या चटणीशेजारी भाकरी वाढतात, श्रीखंड वाढत नाहीत. आंबा आला की लसूण नासल्यासारखा लागेल."

धवलने मान डोलावली. दोघांनी मिळून बिअर उकळली, पिंपात भरली. आंबणं संपत आल्यावर गोळ्यांचा शेवटचा हप्ता घालायचा होता. मीनलने समिट आणि चिनूक मोजून एका डब्यात ठेवले आणि म्हणाली, "गुरुवारी हे टाक. बाकी काही करू नकोस."

पुढच्या महिन्यात तांजोंग पगारच्या एका शॉपहाऊसच्या, म्हणजे खाली दुकान असलेल्या जुन्या घराच्या, माडीवर घरी बिअर करणाऱ्यांचा मेळावा होता. धवलने त्यांची बिअर तिथल्या स्पर्धेला दोघांच्या नावाने दिली होती. मीनल कामावरून थेट तिथे गेली. धवलने तिच्या हातात ग्लास दिला. तिने तो नाकाशी नेला आणि तशीच थांबली.

आंबा. त्याच्या खाली लिची. समिट कुठेतरी तळाशी, तोंड दाबून बसवल्यासारखा.

"सिट्रा घातलास," ती म्हणाली.

"अगं, थोडासाच. पिंप उघडलं तर काय उग्र वास येत होता. लोकांना झेपली पाहिजे ना."

"मला विचारलंस?"

"तू नको म्हणाली असतीस."

हे तो अगदी सहज बोलला. तेवढ्यात निकाल लागला. त्यांच्या बिअरला दुसरं बक्षीस होतं. परीक्षकांपैकी एकाने खास कौतुक केलं ते आंब्याच्या वासाचं. धवल तिला हाताला धरून पुढे घेऊन गेला, टाळ्या वाजल्या, कोणीतरी फोटो काढायला पुढे झालं. मीनलने हात सोडवून घेतला.

"ही माझी बिअर नाही," ती इंग्रजीत म्हणाली, अगदी हळू. पण माइक जवळ होता, सगळ्यांनी ऐकलं. "मी हिच्यात सिट्रा नको म्हणून सांगितलं होतं. माझं नाव काढा." ग्लास टेबलावर ठेवून ती जिना उतरली.

धवल मागोमाग फुटपाथवर आला. त्याचे कान लाल झाले होते. "एवढा तमाशा कशाला? तुझ्या भल्यासाठीच केलं ना. बक्षीस मिळालं."

"माझं भलं मला न विचारता करू नकोस. वाईट झाली असती तरी ती माझी वाईट बिअर असती. ती मी प्यायले असते."

"फक्त बिअर आहे, ताई."

"मग तुला हात लावायचा मोह का झाला?"

उत्तराची वाट न पाहता ती स्टेशनकडे चालू लागली. एमआरटीच्या गाडीत ती दाराशीच उभी राहिली. तिला धवलचा राग होता, मॅनेजरचा होता, आणि त्या मीटिंगमध्ये आपण एका वाक्यावर थांबलो याचा सगळ्यात जास्त होता.

प्रबोध तेव्हा सुट्टीवर घरी होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण बक्षीस मिळालं ना? मग भांडण कशाला?" मीनलने त्या रात्री स्वयंपाक केला नाही. तो खालच्या हॉकर सेंटरमधून, तिथल्या खाण्याच्या गाळ्यांवरून, नूडल्स घेऊन आला. तिने त्यांना हात लावला नाही.

सोमवारी ती मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. "यापुढे माझा निकाल बदलायचा असेल तर खाली तुमचं नाव घाला," एवढंच म्हणाली. त्याने समजूत घातली, मग दटावलं. ती बधली नाही. दोन आठवड्यांत तिची बदली कच्च्या मालाच्या तपासणीला झाली. लिंबाची सालं, मिरीची पोती, गोदामातला उकाडा. तिथे तिच्या निकालावर कोणी पेन चालवलं नाही. पण बढतीचं नावही पुन्हा कोणी काढलं नाही.

बिअर ती आता घरी करू लागली. सिंगापूरच्या हवेत, फ्रिजशिवाय. पिंप पाण्याच्या टबमध्ये ठेवून बर्फाच्या बाटल्या बदलत राहायची. पहिली खेप उकाड्याने बिघडली. ती तिने मोरीत ओतली आणि शिव्या घातल्या. दुसरी जमली. समिट आणि चिनूक, दुसरं काही नाही.

त्याच सुमारास धवल बिअर उकळायला नेलेलं तिचं मोठं पातेलं परत द्यायला आला. तिने दारातून परत पाठवलं नाही. ग्लास भरून पुढे ठेवला. त्याने वास घेतला, घोट घेतला, भुवया वर गेल्या.

"लसूण आहे गं चांगलाच."

"आहेच."

त्याने आणखी एक घोट घेतला. "मी अजूनही थोडा सिट्रा घातला असता."

"तुझ्या बिअरमध्ये घाल."

तो हसला. ती हसली नाही. ग्लास त्याने आवडीने संपवला, की तिला बरं वाटावं म्हणून मुद्दाम, हे तिला कळलं नाही. पुन्हा दोघांनी मिळून कधी बिअर केली नाही. मंडळात भेटले की बोलायचे, कामाची, हवेची चौकशी व्हायची.

प्रबोधला ती बिअर शेवटपर्यंत आवडली नाही. तो तिखट तळलेल्या बांगड्याबरोबर अर्धा ग्लास घ्यायचा आणि उरलेली तिच्याकडे सरकवायचा. मीनल ती संपवायची.